अस्सल बरहुकूम खरी नक्कल

महसुली कागदाच्या जुन्या प्रतींवर सही-शिक्क्याजवळ चार शब्द आढळतात : ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’. अस्सल म्हणजे मूळ कागद, बरहुकूम म्हणजे त्याप्रमाणे. मूळ जसे आहे तशीच ही प्रत आहे, अशी ती ग्वाही. ही ग्वाही देणारा कारकून एक गोष्ट गृहीत धरून चालत असे. तो नक्कल उतरवीत असताना मूळ कागद त्याच्यापुढे स्थिर पडलेला असे आणि त्याच वेळी त्या कागदावर दुसरे कोणी लिहीत नसे. संगणकातल्या नोंदींनी नेमके हेच गृहीत मोडले आहे. चालू डेटाबेसची प्रत घेणे म्हणजे ज्या वहीत चारजण एकाच वेळी लिहीत आहेत, त्या वहीची नक्कल उतरवणे. ती खरी कशी ठरवायची, हा या लेखाचा विषय आहे.

विषय यंत्राचा वाटला तरी प्रश्न आपल्या घरचा आहे. नांदेड जिल्ह्यातील उमरी हे मुदखेड आणि धर्माबाद यांच्या दरम्यानचे, रेल्वेमार्गावरचे गाव. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात त्याचे नाव एका बँकेमुळे आले. ३० जानेवारी १९४८ रोजी संग्रामातील कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली आणि ती रक्कम निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यासाठी नेली. तेव्हा पैसा ही तिजोरीतली वस्तू होती. ती पोत्यात भरून नेता येत होती. आज उमरीच्या शेतकऱ्याची ठेव, त्याचे पीककर्ज, आडत्याकडे राहिलेली त्याची बाकी यांतले काहीच पोत्यात भरता येत नाही. त्या केवळ नोंदी आहेत. रोकड गेली तर कोणाचे किती गेले हे नोंदीवरून सांगता येते. नोंदच गेली तर कोणाचे काय होते हेच सांगता येत नाही.

नोंदीची किंमत मराठवाड्याला वेगळी सांगायला नको. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद पुन्हा उघडले गेले. शेकडो मैल न जाता, एका जीर्ण पानावरच्या एका शब्दावर आज नातवाचे प्रमाणपत्र अवलंबून असते. ते पान टिकले म्हणून हे शक्य झाले. आपल्या आजच्या नोंदी पन्नास वर्षांनी कोणाला हव्या असतील तर त्या कशाच्या आधारे टिकतील?

मोंढ्यातली संध्याकाळ

दिवाळीच्या तोंडावर उमरीच्या मोंढ्यातले एखादे आडतीचे दुकान डोळ्यांपुढे आणा. सोयाबीनची आवक जोरात आहे. बाहेर काटा चालू आहे, हमाल पोती उतरवत आहेत, आत दोघेजण दोन संगणकांवर पट्ट्या करत आहेत. सगळा हिशेब टेबलाखालच्या तिसऱ्या संगणकातल्या डेटाबेसमध्ये जातो. मालकाने शहाणपणाने एक बॅकअपचे सॉफ्टवेअर बसवून घेतले आहे. रोज रात्री आठ वाजता ते आपोआप सुरू होते, डेटाबेसच्या फोल्डरातल्या सगळ्या फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवते आणि शेवटी पडद्यावर ‘बॅकअप यशस्वी’ असे दाखवते. हंगामात मात्र आठ वाजता दुकान बंद नसते. पट्ट्या चालूच असतात.

हे सॉफ्टवेअर काय करते ते पाहू. ते फोल्डरातली पहिली फाइल उघडते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचते, तिचे तुकडे करते, ते साठवते आणि पुढच्या फाइलीकडे वळते. छायाचित्रे, पत्रे, लेखांच्या फाइली यांच्यासाठी हे उत्तम आहे. कारण त्या एकमेकींवर अवलंबून नसतात. डेटाबेसच्या फाइली वेगळ्या. व्यवहार एका फाइलीत, खात्याची बाकी दुसरीत, शोधासाठीची सूची तिसरीत, आणि या तिघींनी सतत एकमेकींशी जुळलेले असणे हाच डेटाबेसचा प्राण.

समजा ८ वाजून २ मिनिटांनी सॉफ्टवेअरने खात्यांची फाइल उतरवून घेतली. ८ वाजून ५ मिनिटांनी एका शेतकऱ्याची ४०,००० रुपयांची पट्टी झाली. डेटाबेसने व्यवहार नोंदला आणि शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम जमा केली. ८ वाजून ९ मिनिटांनी सॉफ्टवेअर व्यवहारांच्या फाइलीपाशी पोचले. आता प्रतीत व्यवहार आहे, पण खात्यावर जमा नाही. दुकानातला हिशेब आठ वाजता बरोबर होता, सव्वाआठलाही बरोबर होता. प्रतीतला हिशेब मात्र असा आहे, जो कोणत्याही क्षणी कधीच अस्तित्वात नव्हता.

माळेगावची मोजणी

याला नांदेडकरांच्या ओळखीचा दाखला द्यायचा तर माळेगावच्या यात्रेचा देता येईल. खंडोबाच्या यात्रेतल्या घोड्यांच्या बाजारात तुम्हाला एकूण घोडे मोजायचे आहेत. तुम्ही एका टोकाकडून मोजत निघता आणि तासाभराने दुसऱ्या टोकाला पोचता. दरम्यान मोजून झालेल्या बाजूचा एक घोडा विकला जाऊन न मोजलेल्या बाजूला गेला, तर तो दोनदा मोजला जातो. उलट दिशेने गेला तर एकदाही मोजला जात नाही. तुमची नजर चुकली नाही की आकडेमोडही चुकली नाही. तरी आकडा खोटा आहे, कारण मोजणीला तास लागला आणि त्या तासात बाजार थांबला नाही.

डेटाबेसमध्ये हा घोळ आणखी खोल जातो. फाइलीच्या आत माहिती ‘पानां’त ठेवलेली असते. पोस्टग्रेसमध्ये एक पान साधारणपणे ८ केबीचे, मायएसक्यूएलच्या इनोडीबीत १६ केबीचे. पान वाचले जात असतानाच त्यावर नवे लिहिले गेले, तर प्रतीत वरचा अर्धा भाग जुना आणि खालचा नवा असे फाटके पान येऊ शकते. शिवाय ताजे बदल काही काळ संगणकाच्या स्मृतीतच असतात, फाइलीत उतरलेले नसतात. फाइल उतरवणाऱ्याला ते दिसतच नाहीत.

विंडोजवर पुष्कळदा निदान अडथळा तरी येतो. उघडी फाइल दुसऱ्याला वाचू दिली जात नाही आणि बॅकअपच्या अहवालात ‘फाइल वापरात आहे, वगळली’ अशी एक ओळ पडते. ती ओळ कोणी वाचत नाही हा भाग वेगळा. लिनक्सवर अडथळाही नाही. फाइल निमूटपणे उतरवली जाते. अशी प्रत कधी कधी चक्क उघडतेही, आणि चार महिन्यांनी कोणाची तरी बाकी जुळत नाही म्हणून बिंग फुटते. प्रत मुळीच उघडली नसती तर ते त्या दिवशीच कळले असते.

आधी किर्द, मग खतावणी

डेटाबेस बनवणाऱ्यांना असाच एक प्रश्न वेगळ्या रूपात पडला होता : लिहिता लिहिता लाइट गेली तर? त्यांनी शोधलेले उत्तर आपल्या जुन्या हिशेबनिसाला ऐकताक्षणी पटले असते. व्यवहार झाला की तो आधी रोजकिर्दीत लिहायचा, एकाखाली एक, घडला त्या क्रमाने. मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर घालायचा. खतावणी करताना मध्येच उठावे लागले तरी बिघडत नाही. परत आल्यावर किर्द उघडायची, कुठवर खतावले ते पाहायचे आणि पुढे चालू करायचे.

डेटाबेसही हेच करतो. प्रत्येक बदल आधी एका सलग नोंदवहीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये लिहून डिस्कवर पक्का केला जातो. मूळ फाइलींतली पाने त्यानंतर बदलली जातात. लाइट जाऊन पुन्हा आली की डेटाबेस लॉग वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार फाइलींत उतरवतो, अर्धवट राहिलेले रद्द ठरवतो. म्हणून भारनियमनाच्या गावातही डेटाबेस सहसा शाबूत राहतो.

यातून आपल्या प्रश्नाची किल्ली मिळते. डेटाबेसला अचानक थांबण्याचे भय नाही, कारण अचानक थांबणे हा एकच क्षण असतो. त्याला भय आहे ते अनेक क्षणांच्या मिसळीचे. प्रत जुनी असली तरी चालेल, अपुऱ्या खतावणीची असली तरी चालेल, पण ती एकाच क्षणाची असली पाहिजे. सुरक्षित प्रतीच्या सगळ्या पद्धती हा एक क्षण मिळवण्याच्या पद्धती आहेत.

चार वाटा

पहिली वाट सर्वांत जुनी : वही मिटायची. डेटाबेस रीतसर बंद करायचा, फाइली उतरवायच्या, पुन्हा सुरू करायचा. पोस्टग्रेसच्या अधिकृत पुस्तिकेतही, फाइलींची साधी प्रत घ्यायची तर सर्व्हर बंद हवा, असे स्पष्ट म्हटले आहे. ज्या दुकानाला, वाचनालयाला किंवा पतसंस्थेला रात्री अर्धा तास काम थांबवणे परवडते, तिने ही वाट कमीपणाची समजू नये. फक्त पडद्यावरची खिडकी मिटली म्हणजे डेटाबेस बंद झाला असे नव्हे. तो मागे चालूच असतो. त्याची सेवा थांबवावी लागते.

दुसरी वाट : प्रत डेटाबेसकडूनच मागायची. पोस्टग्रेसला ‘पीजी-डम्प’, मायएसक्यूएलला ‘मायएसक्यूएल-डम्प’, एसक्यूएल सर्व्हरला त्याची ‘बॅकअप’ आज्ञा, एसक्यूएलाइटलाही तिची स्वतःची ‘बॅकअप’ आज्ञा अशी साधने त्यासाठीच आहेत. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी ओळ लगेच पुसली जात नाही. ज्याने वाचन आधी सुरू केले, त्याच्यासाठी ती राखून ठेवली जाते. त्यामुळे डम्प आठ वाजता सुरू झाला आणि साडेआठला संपला, तरी त्यात आठ वाजताचेच चित्र असते. दरम्यान पट्ट्या चालू राहतात. मायएसक्यूएलमध्ये मात्र ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय मागावा लागतो, आणि तो इनोडीबी प्रकारच्या तक्त्यांनाच लागू पडतो. जुन्या मायआयसॅम तक्त्यांसाठी लिखाण तेवढ्यापुरते थांबवावे लागते.

बहुतेक छोट्या संस्थांना हीच वाट पुरेशी आहे, आणि फाइल-बॅकअपच्या सॉफ्टवेअरची खरी जागाही इथेच आहे. डम्प ही एक निवांत, बंद फाइल असते. ती उतरवणे, तिच्या जुन्या आवृत्त्या राखणे, ती कुलूपबंद करून परगावी पाठवणे हे ते सॉफ्टवेअर चोख करते. म्हणून आधी डम्प, तो पूर्ण झाला की मगच फाइल-बॅकअप, असा क्रम लावावा. डम्प कच्च्या नावाने लिहावा आणि यशस्वी झाल्यावरच त्याला पक्के नाव द्यावे, म्हणजे अर्धवट फाइल कालच्या चांगल्या प्रतीवर चढणार नाही. डेटाबेसचे चालू फोल्डर बॅकअपच्या यादीतून वगळावे. ती खोटी प्रत ठेवली, तर घाईच्या दिवशी कोणीतरी तिच्यावरच विश्वास टाकील. पोस्टग्रेसच्या डम्पात वापरकर्त्यांची खाती येत नाहीत, ती वेगळी घ्यावी लागतात. स्कॅन केलेले कागद डेटाबेसच्या बाहेर ठेवलेले असतील, तर त्या फोल्डराचाही विसर पडू नये.

हीच पद्धत आपल्या खिशातही चालू असते. अँड्रॉइड फोनवरचे व्हॉट्सअॅप आपले संदेश एसक्यूएलाइटच्या डेटाबेसमध्ये ठेवते आणि पहाटे दोनच्या सुमारास त्याची कुलूपबंद प्रत स्वतःच वेगळ्या फाइलीत काढून ठेवते. बाहेरच्या कोणाला ती चालू फाइल उपसावी लागत नाही. एसक्यूएलाइटची चालू फाइल हाताने उचलणाऱ्यांचा आणखी एक तोटा होतो. तिच्या शेजारी लॉगची छोटी फाइल असते. मुख्य फाइल घेतली आणि ती मागे राहिली, तर शेवटचे व्यवहार तिच्यासोबत मागे राहतात.

तिसरी वाट ‘स्नॅपशॉट’ची. लिनक्सवर एलव्हीएम किंवा झेडएफएस, विंडोजवर ‘शॅडो कॉपी’ची सेवा संपूर्ण डिस्कचे एका क्षणाचे चित्र गोठवते. मूळ डिस्कवर लिखाण चालू राहते. बॅकअपचे सॉफ्टवेअर गोठवलेले चित्र निवांत वाचते. डेटाबेसच्या दृष्टीने हे चित्र म्हणजे लाइट गेली त्या क्षणाची डिस्क, आणि त्यातून सावरणे त्याला येते. विंडोजवर एसक्यूएल सर्व्हरसारखा डेटाबेस या सेवेला जोडलेला असेल, तर तो त्या क्षणापुरते लिखाण थोपवून धरतो. अट एकच : फाइली आणि लॉग एकाच स्नॅपशॉटमध्ये असायला हव्यात. खतावणीचे चित्र आठचे आणि किर्दीचे आठ-पाचचे असेल, तर आपण पुन्हा माळेगावच्या बाजारात उभे असतो.

जनगणनेची युक्ती

चौथी वाट पाहताना आधी जनगणना आठवावी. १२१ कोटी माणसे एका क्षणी मोजणे अशक्य. म्हणून २०११ साली १ मार्चच्या मध्यरात्रीचे ०० वाजणे हा संदर्भ-क्षण ठरवला गेला. प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर फिरले. मग १ ते ५ मार्च या काळात दुसरी फेरी झाली. मधल्या दिवसांत कोठे बाळ जन्मले, कोठे कोणी वारले, हे त्या फेरीत तपासून आकडे संदर्भ-क्षणाशी जुळवून घेतले. मोजणी वीस दिवस पसरली तरी देशाची लोकसंख्या एका क्षणाची मिळाली.

मोठ्या डेटाबेसची प्रत अशीच घेतात. आधी पोस्टग्रेसला सांगायचे की प्रत सुरू होत आहे; तो लॉगमध्ये खूण करतो. मग चालू फाइली उतरवायच्या, त्या विस्कळीत आल्या तरी हरकत नाही. शेवटी प्रत संपल्याचे सांगायचे आणि दरम्यानचा सगळा लॉग सोबत जपायचा. परत उभारताना विस्कळीत फाइलींवर तो लॉग क्रमाने चढवला की सगळे एका क्षणाला येऊन जुळते. ‘पीजी-बेसबॅकअप’ हे साधन हेच करते. ज्या फाइली उतरवण्याला इतका वेळ नावे ठेवली, त्याच इथे चालतात, कारण सोबत किर्द आहे.

पुढचा लॉगही सतत जपत गेलो, तर आणखी एक सोय मिळते. ११ वाजून ४० मिनिटांनी कोणी चुकून अख्ख्या गावाची खाती पुसली, तर ११ वाजून ३९ पर्यंतचाच लॉग चढवून तिथे थांबता येते. रात्रीच्या डम्पात दिवसभराचे काम बुडते, इथे काही क्षणांचेच. पण ही व्यवस्था राबवायला जाणकार आणि नियमित लक्ष लागते. ते नसेल तर दुसरी वाट बरी.

पाच तऱ्हा आणि एक योगायोग

पद्धत माहीत असणे आणि प्रत हाताशी असणे यांत अंतर असते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेत एका अभियंत्याने रात्रीच्या धावपळीत चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि सुमारे ३०० जीबीचा चालू डेटाबेस जवळपास संपूर्ण पुसला गेला. कंपनीकडे प्रत ठेवण्याच्या अनेक तऱ्हा होत्या. रोज डम्प व्हायचा होता, पण डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डम्पचे साधन ९.२ चे, म्हणून तो होतच नव्हता. अपयशाची सूचना ईमेलने जात होती, पण समोरचा टपालसर्व्हर त्या ईमेल नाकारत होता. डम्प जिथे साठायचे ती जागा रिकामी निघाली. शेवटी कामी आला एक एलव्हीएम स्नॅपशॉट. तो एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी योगायोगाने हाताने घेतला होता. त्या सहा तासांतले काम गेले ते गेलेच. कंपनीने ही सगळी हकीकत स्वतःच जाहीर केली, म्हणून आज तिच्यापासून शिकता येते.

इथे कोणाला तंत्र ठाऊक नव्हते असे नाही. कोणी प्रत उघडून पाहिली नव्हती. आपल्याकडच्या हिशेबनिसाची सवय इथे उपयोगी पडते. खतावणी झाली की तो तेरीज घेई, आणि जमा-नावे जुळल्याशिवाय दिवा मालवत नसे. प्रतीचीही तेरीज घ्यावी लागते. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या, रिकाम्या संगणकावर उभी करावी, त्या दिवशीच्या छापील तेरजेशी बेरीज ताडून पाहावी, चार खाती उघडावीत आणि उभारायला किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. ‘बॅकअप यशस्वी’ ही ओळ एवढेच सांगते की सॉफ्टवेअरचे काम संपले.

मग ती ठेवायची कुठे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिवच्या गावांतली दगडमातीची घरे कोसळली, तेव्हा घराबरोबर घरातले कपाटही गेले. २१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, तेव्हा राज्याच्या मुख्य कचेरीतले कागदही आगीपासून सुटले नाहीत. मूळ आणि नक्कल एका छपराखाली असतील, तर संकटाच्या दृष्टीने ती एकच वस्तू. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक परगावी, असा साधा दंडक जगभर पाळला जातो. उमरीच्या दुकानाची एक प्रत नांदेडला असावी. दुसरी एखादी संगणकाला कायम न जोडलेल्या डिस्कवर असावी, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्कांना एकदमच कुलूप घालतो. आणि प्रत कुलूपबंद केली असेल, तर तिचा परवलीचा शब्द त्याच संगणकात ठेवून भागणार नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मोंढ्यात आजही वहीची पूजा होते. अनेक दुकानांत आता वहीशेजारी संगणकालाही हळदकुंकू लागते. त्या संध्याकाळी काटा बंद असतो, पट्ट्या थांबलेल्या असतात, डेटाबेसमध्ये कोणी लिहीत नसते. वर्षातून सहज मिळणारा असा निवांत क्षण दुसरा नाही. पूजेआधी तासभर काढून कालची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडावी आणि तेरीज जुळते का ते पाहावे. जुळली, तर तिच्यावर ते चार शब्द लिहायला हरकत नाही.